शोभेच्या पिकाची राखण

देवपुरातल्या त्या गल्लीत अभिमनभाऊ पाटलांनी अंगणात चार बांबू रोवले, तेव्हा लोकांना वाटलं की घरात कार्य निघालं. पण मांडवाच्या बांबूंवर कोणी पुरुषभर उंचीला फळ्या बांधत नाही, त्यावर गोणपाट अंथरत नाही आणि वर चढायला शिडीही लावत नाही. शेजारच्या तोताराम गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी कुंपणावरून मान काढून हे काय चाललंय असं विचारलं. अभिमनभाऊंच्या दातांत सुतळीचं टोक होतं. त्यांनी ते न सोडताच सांगितलं, "माळा बांधतोय. पिकाची राखण करायची आहे."

गुरुजींनी अंगणभर नजर फिरवली. नळाचा मीटर, धुण्याचा दगड, सायकल, तुळस आणि एक झुडूप, एवढाच काय तो अभिमनभाऊंचा जमीनजुमला होता.

"कोणत्या पिकाची?"

अभिमनभाऊंनी हनुवटीने झुडूप दाखवलं आणि पुढची गाठ मारायला घेतली.

माणूस काही वेडा नव्हता. कचेरीत हेडक्लार्क होता, फायलीत एक टाचणी इकडची तिकडे होऊ देत नसे. पण त्या झुडपापुढे त्याचं डोकं चालेनासं झालं होतं, आणि ते का, हे कळायला त्याच्या हाताची हकिकत ठाऊक असायला हवी.

अभिमनभाऊ मूळचे पिंपळनेरजवळच्या खेड्यातले. वडील कौतिक आबा म्हणजे त्या बाजूचे नावाजलेले शेतकरी. आबांनी दगडावर बी टाकलं तरी ते दबकत दबकत उगवतं, असं लोक म्हणायचे. नाव कौतिक, पण त्यांच्या तोंडून कोणाचं कौतुक बाहेर पडल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. लहानग्या अभिमनने एका साली मिरचीची रोपं लावली, ती चार दिवसांत माना टाकून मेली. पुढच्या साली वांगी लावली, तीही त्याच वाटेने गेली. तेव्हा आबांनी भर वावरात निकाल दिला, "तुन्हा हातले गुन नही. तू शाळामा जाय." पाटलांच्या घरात शिक्षण शिरलं ते असं.

पुढे पेरणीच्या दिवसांत आबा त्याला मामाच्या गावी पाठवून देऊ लागले. बियाण्याच्या पोत्यावर त्याची सावलीही पडू नये असा बंदोबस्त असे. धाकटा भाऊ शेतीला लागला, थोरला शिकत शिकत धुळ्याला येऊन साहेबाच्या खालोखाल बसला. पोरानं नशीब काढलं, असं गाव म्हणे. अभिमनभाऊंना मात्र आपल्याला वावरातून हाकलून दिलंय असंच वाटत राहिलं. पन्नाशी आली तरी त्यांनी मातीत काही लावलं नाही. घरची तुळसदेखील बायकोने, पुष्पाबाईंनी लावलेली होती. तिला पाणी घालायची वेळ आलीच तर भाऊ लांबूनच धार धरत.

झुडूपही त्यांनी लावलं नव्हतंच. नळाच्या मीटरचा खड्डा उघडा होता, संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यात जायचा. गुरुजींनी आपलं कुंपण छाटून फांद्या रस्त्यावर टाकल्या होत्या. त्यातली एक सरळ काठी भाऊंनी उचलली, खड्ड्याशी रोवली आणि वर लाल चिंधी बांधली. ती लागवड नव्हती, नुसती खूण होती. मग आषाढ लागला, पाऊस पडला आणि एक दिवस चिंधीच्या खालून दोन कोवळी पानं बाहेर आली. भाऊंनी ती पाहिली मात्र, त्यांच्या हातातला चहा निवून गेला. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. आपण बोललो तर ती पानं परत आत जातील अशी त्यांना धास्ती वाटली.

ही शोभेची ड्युरांटा आहे, असं गुरुजींनी सांगितलं. दर पंधरा दिवसांनी कात्री मारत जा, असाही सल्ला दिला. गुरुजींचं स्वतःचं कुंपण इतकं सपाट होतं की त्यावर पाण्याने भरलेलं ताट ठेवलं तरी थेंब सांडला नसता. पण कात्री तर सोडाच, त्या झाडाला बोट लावायचीही भाऊंची छाती नव्हती. हात लागेल आणि जळून जाईल. म्हणून ते आपलं आपण वाढत गेलं, हवं तिकडे गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला निळसर फुलांचे घोस आले, मग हिरवे मणी धरले, गणपती उठल्यावर ते पिवळे पडू लागले, आणि दसऱ्याला बघावं तर झाड दिसेचना, नुसतं सोनं लोंबत होतं.

असं काही देवपुरात कोणी पाहिलं नव्हतं. फांद्या मण्यांच्या भाराने कमानीसारख्या वाकून जमिनीला टेकल्या होत्या. सकाळचं ऊन आलं की प्रत्येक मणी आतून पेटल्यासारखा दिसायचा आणि मागची भिंतसुद्धा पिवळी व्हायची. दूधवाला तिथे सायकलवरून उतरून चालत जाऊ लागला. सर्वांत जास्त वेळ उभे राहिले ते गुरुजी. त्यांच्या एवढ्या लांब कुंपणाला आजवर एक मणी धरला नव्हता, कारण कळीचं टोक दिसलं की कात्री पडायची. इतकी वर्षं आपण काय कापत आलो हे त्यांना तेव्हा कळलं. ते घरात गेले आणि त्या दिवशी त्यांनी कात्री बाहेर काढली नाही.

भाऊंच्या मनात एकच गोष्ट आली. हे आबांना दाखवायचं. आबांनी एकदा या झाडासमोर उभं राहायचं आणि आपल्या तोंडाने तो जुना निकाल फिरवायचा. बास, दुसरं काही नको.

त्यांनी पिंपळनेरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरबरोबर उलट विचारणा आली. माणसं खातात का? नाही. ढोरं खातात का? नाही, गल्लीतल्या शेळीनेही वास घेऊन तोंड फिरवलं होतं. मग ते कसलं झाड, असं आबांचं म्हणणं पडलं. भाऊंनी पुन्हा निरोप धाडला, की फक्त बघायला या. त्यावर आबांचा निरोप आला, "ज्वारी खळामा पडू दे, मंग इसू."

म्हणजे कार्तिकापर्यंत थांबणं आलं. मणी काही झडत नव्हते, ते फांदीला चिवटपणे धरून होते. पण एका सकाळी दोन बुलबुल आले. त्यांनी एकेक मणी उचलला, चव पसंत पडल्यासारख्या माना हलवल्या आणि दुसऱ्या दिवशी नातेवाईक घेऊन आले. साळुंक्या आल्या. भाऊ हातवारे करून त्यांना उडवत, ते कचेरीत गेले की पाखरं परत बसत. संध्याकाळी येऊन बघावं तर वरच्या फांदीचा एक घोस रिकामा.

आता शेतीतलं एक काम असं आहे की त्याला हातगुण लागत नाही. ते म्हणजे राखण. लहानपणी आबांनी त्यांना तेवढंच एक काम करू दिलं होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा पोरगा गावात नव्हता. ज्वारीच्या वावरातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली की मातीचं ढेकूळ सुईईई करत जायचं आणि बरोबर पाखरांच्या थव्यापाशी फुटायचं. संकट पिकावरचं होतं, आणि पिकावरच्या संकटाला काय करतात हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माळा बांधला.

कचेरीत रजेच्या अर्जावर त्यांनी कारण लिहिलं, पिकाची राखण. साहेबांनी विचारलं, तुम्हाला धुळ्यात शेती कुठली, पीक कोणतं? भाऊ खोटं बोलत नसत. "शोभेचं," त्यांनी सांगितलं. साहेबांनी माणसाला विश्रांतीची गरज आहे असं समजून सही केली.

पुष्पाबाईंना तोंड दाखवायला जागा उरली नाही. "अहो, लोक हसतात," त्या खालून म्हणाल्या.

"हसू दे. एकदा आबा बघून जाऊ दे. मग पाखरांना मीच पान वाढीन," भाऊ वरून म्हणाले.

पहिल्या सकाळी बुलबुल आले. भाऊंनी गोफणीत ढेकूळ घातलं, डोक्यावरून दोन फेरे दिले आणि सोडलं. हात अजून तयार होता, पण वावर आणि देवपूर यांत फरक असतो. वावरात सुटलेलं ढेकूळ वावरातच पडतं. हे ढेकूळ पाखरांवरून गेलं, कुंपणावरून गेलं आणि गुरुजी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते त्या आरशावर जाऊन फुटलं. गुरुजींना काही झालं नाही. फक्त त्यांचा हात दचकला आणि मिशीचा डावा अर्धा भाग वस्तऱ्याबरोबर निघून गेला. त्यांनी नाइलाजाने उजवाही काढला. एवढ्या वर्षांत गुरुजींचा वरचा ओठ गल्लीने प्रथमच पाहिला. त्यांनी येऊन शांतपणे सांगितलं की राखण करा, पण गोफण बंद.

मग उरला डबा. माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा, हीदेखील जुनीच रीत. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच भाऊंनी रॉकेलचा रिकामा डबा मांडीवर घेतला आणि लाकडाने धडाधड वाजवायला सुरुवात केली. पाखरं उडाली खरी. पण त्या साली धुळ्यात पाण्याचे हाल होते, नळ कधीतरी यायचा, आणि टँकर आला की त्याचा क्लीनर टँकरचा पत्रा असाच बडवायचा. अख्खी गल्ली झोपेतून उठली ती हंडे, कळशा, बादल्या घेऊनच उठली. आवाज जिथून येतोय तिथे रांग लागली. कोणी केस न बांधता आलेलं, कोणी एका पायात चप्पल घालून. नंबरावरून दोन भांडणंही पेटली.

टँकर नाही हे कळल्यावर बायकांनी वर बघून काय काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. पण तोंड उघडायच्या आधी ऊन आलं. रांगेच्या अगदी समोर ते झाड होतं, आणि ते एका बाजूने हळूहळू पेटत गेलं. भांडण तोंडातच राहिलं. हंडे काखेत तसेच धरून सगळ्या जणी बघत राहिल्या. रोज त्या वेळी त्यांचं तोंड चुलीकडे असे, हे ऊन त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सर्वांत पुढे होती म्हातारी शेवंताबाई. तिच्या कळशीच्या तळाला कालचं तांब्याभर पाणी होतं. पाण्यासाठी जीव टाकणारी ती बाई, पण तिने ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि हात जोडले.

झालं. रस्त्याने जाणाऱ्यांनी काय पाहिलं? कार्तिकातली सकाळ, कळशा घेतलेल्या बायकांची रांग, सोन्यासारखं झाड आणि त्याच्यावर उंच आसनावर बसलेला, हातात वाद्य घेतलेला एक माणूस. दोघांनी चपला काढल्या. एकाने पुष्पाबाईंना विचारलं, दर्शनाची वेळ कोणती? दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी पोराचा नवस बोललं. भाऊ माळ्यावरून घसा फोडून सांगत होते की ही ड्युरांटा आहे, मणी कोणी खाऊ नका, तोडू नका. खाली लोक एकमेकांना सांगत होते की ड्युरांटा मातेला तोडलेलं चालत नाही.

पुष्पाबाई दिवसभर फाटकाशी उभ्या राहून गर्दी आवरत होत्या. संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाखरं बरी होती हो. ती निदान चहा मागत नव्हती."

शेवटी कंडक्टरचा निरोप आला. ज्वारी खळ्यात पडली होती. आबा उद्या सकाळच्या गाडीने येणार आणि दुपारच्या गाडीने परत जाणार.

भाऊंची झोप उडाली. झाड अजून भरलेलं होतं. वरचे दोन-चार घोस गेले होते, बाकी सोनं शाबूत होतं. पण वडिलांना आणायला स्टँडवर जावं लागणार, मग माळ्यावर कोण? तेव्हा गुरुजी स्वतःहून पुढे आले. बिनमिशीच्या तोंडाने ते म्हणाले, "तुम्ही जा, अभिमनभाऊ. मी बसतो वर. तेवढं तरी माझ्याकडून घडू द्या." आणि तो निवृत्त मुख्याध्यापक धोतराचा काचा मारून शिडी चढला, मांडीवर डबा घेतला आणि परीक्षेत सुपरवायझर बसावा तसा चहूकडे बघत बसला.

आबा गाडीतून उतरले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण काठी नुसती हातात धरायला. ख्यालीखुशाली झाली. पांझरेच्या पुलावरून दोघं चालत निघाले. वाटेत आबा ज्वारीबद्दल बोलत होते, यंदा पाखरांनी किती नासधूस केली ते सांगत होते. भाऊंचं लक्ष नव्हतं. ते मनात ठरवत होते की आबांना कोणत्या बाजूने आणायचं, म्हणजे ऊन मागून येईल.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना आवाज ऐकू आला. तो डब्याचा नव्हता. भरल्या बाजारात शेकडो माणसं एकाच वेळी भाव करत असावीत तसा कलकलाट होता. आबा जागच्या जागी थांबले आणि म्हणाले, "भोरड्या शेतस."

भाऊ धावत सुटले. फाटकाशी पोचले. झाड नव्हतंच. झाडाच्या जागी पाखरांचा ढीग होता. फिक्या गुलाबी अंगाच्या, काळ्याभोर डोक्याच्या, डोक्यावर तुरा असलेल्या भोरड्या फांदीफांदीला बिलगल्या होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, उलट्या लोंबकळत होत्या. तारांवर आणखी, भिंतीवर आणखी, माळ्याच्या कडेला गुरुजींच्या गुडघ्याला लागून बसलेल्या आणखी. आणि गुरुजी डबा मांडीवर ठेवून, तोंड उघडं टाकून नुसते बघत होते. वाजवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. खाली शेवंताबाई आणि दर्शनाला आलेले चारदोन लोक भिंतीला पाठ लावून उभे होते.

"गुरुजी, वाजवा," भाऊ ओरडले आणि स्वतःच शिडीकडे झेपावले. तेवढ्यात त्यांचं मनगट मागून कोणीतरी घट्ट धरलं.

"राहू दे," आबा म्हणाले.

"आबा, बठ्ठं खाई जातीन ना त्या. तुमी अजून देखंबी नही."

"देखस ना मी."

आबा झाडाकडे बघत नव्हतेच. ते पाखरांकडे बघत होते. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, धुण्याच्या दगडावर बसले आणि काठी बाजूला ठेवली. ऊन पाखरांच्या पाठींवर पडलं होतं, त्या गुलाबी रंगात मधूनमधून पिवळा मणी चमकायचा आणि नाहीसा व्हायचा. आबांच्या पायापाशी एक मणी पडला. एक भोरडी उतरली, तिने त्यांच्या जोड्याकडे तिरकी मान करून पाहिलं आणि मणी घेऊन गेली. आबांनी पाय हलवला नाही. भाऊ रडायच्या बेतात होते, पण त्यांचीही नजर हटेना. डोळ्यांदेखत आपलं सोनं लुटलं जातंय आणि आपण आ वासून बघतोय, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

मग काय झालं कोणास ठाऊक, सगळा थवा एकदम उठला. अंगणावरून वारा सुटल्यासारखं झालं, आभाळाचा एक तुकडा गुलाबी झाला, वळला, आणि पांझरेच्या दिशेने दिसेनासा झाला. झाड उभं होतं. नुसत्या काड्या आणि पानं. शोधूनही मणी सापडला नसता.

"आबा," भाऊ म्हणाले, "काल येयेल पाहिजे व्हतात तुमी. काल भरेल व्हतं. खरंच भरेल व्हतं, इचारा कोणलेबी."

आबांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते अजून आभाळाकडे बघत होते.

"आख्खी जिंदगी पाखरं हाकलात मी," ते म्हणाले. "देखात कव्हयच नहीत."

गुरुजी शिडीवरून हळूच उतरले आणि चोरासारखे एका बाजूला उभे राहिले. आबा उठले, झाडापाशी गेले. एक रिकामा घोस त्यांनी बोटांनी उलटासुलटा करून पाहिला, कणीस पाहावं तसा. एक फांदी वाकवून सोडली. मग खाली वाकून बुंध्याजवळची माती चिमटीत चुरली.

"कोनी लावं हाई?"

"मी," भाऊ म्हणाले. खूण म्हणून काठी रोवली होती, हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते अर्धवट खरं बोलले.

आबांनी हातावरची माती झटकली. "वांझ वावरमा पाखरू उतरस नही," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला मोरीकडे निघाले. दारात पोचल्यावर, काहीतरी किरकोळ राहून गेल्यासारखे मागे न वळताच बोलले, "कार्तिक सरना का कांदानं रोप लावानं शे. येजो. दोन वाफा तू लावजो."

भाऊ उघड्या अंगणात उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि समोरचं झाड हललं. शेवंताबाई गुरुजींना विचारत होती की देवीनं आज सगळे दागिने का उतरवून ठेवले.

आतून पानं मांडल्याचा आवाज आला. आबांना दुपारची गाडी गाठायची होती. पण ते स्वयंपाकघरात पुष्पाबाईंना विचारत होते, की भोरड्या उद्या सकाळी पुन्हा येतील काय, आणि येणार असतील तर रात्री इथे एक गोधडी मिळेल काय.

पुष्पाबाईंनी दारातून हाक मारली, "अहो, चला, आबा पानावर बसले. हात धुऊन घ्या."

भाऊंनी आपले दोन्ही हात वर करून पाहिले, पुढून पाहिले, मागून पाहिले. धुवायला त्यांचं मन होईना.